बिनभोकाचं कातडं

“भोकं किती पडले?” डोमाजीनं विचारलं.

“एकही नाही,” नीलकंठ म्हणाला.

आणि म्हणाला कसा, तर छाती काढून. मी चुलीपाशी बसलो होतो, तिथूनही मला ते दिसलं.

डोमाजी बाजेवरच्या कातड्याकडं वळला.

मी त्या मुक्कामाचा आचारी. शिकारी साहेबांसाठी कोंबडी, रानातून जनावर उठवणाऱ्या हाकेवाल्यांसाठी वरण-भाकर, असं माझं काम. डोमाजीचं काम मारलेलं जनावर सोलायचं. पेंढा भरून काचेच्या डोळ्यांनी बघणारे वाघ-बिबटे तुम्ही कुठं पाहिले असतील, तर त्यांतल्या पुष्कळांचे कपडे ह्या माणसानं उतरवलेले. चाळीस वर्षांत त्याच्या सुरीनं कातड्याला एक भोक पडलं नव्हतं. आमच्या जंगलपट्टीत त्याला बिनभोकाचा डोमाजीच म्हणत. आता त्याचे हात कापायचे, डोळ्यांनी धड दिसायचं नाही, आणि खरं सांगायचं तर माणूस थकून गेला होता. जनावरांनाही कंटाळला होता आणि साहेबांनाही.

नीलकंठ त्याचा चेला. आठ वर्षं त्याच्या हाताखाली काढून नुकताच शहरातल्या एका संग्रहालयात लागला, पण कच्चा. संग्रहालयानं एक बिबट आणि एक अस्वल मारायचा परवाना काढून त्याला इकडं धाडलं होतं. त्यांतलं एक तरी कातडं धड पोचलं तर नोकरी पक्की, नाही तर घरी बसा. बायको, दोन पोरी, भाड्याची खोली, हे सगळं त्यानं माझ्या चुलीपाशी बसून मला दहा वेळा ऐकवलं होतं. मोटार दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येणार होती.

बिबट परवा पडला. तो नीलकंठानं एकट्यानं सोलला, मिठात घातला, सावलीत ठेवला. आज ते कातडं त्यानं गुरूपुढं बाजेवर पसरलं. देखणं होतं, मला विचाराल तर.

डोमाजीनं डोळे मिटले आणि बोटांनी चाचपायला सुरुवात केली. पाठ, पोट, पंजे... कानापाशी बोटं थांबली. टोकावरचे केस चिमटीत धरून त्यानं हलकेच ओढले.

अख्खा पुंजका हातात आला.

तो त्यानं नीलकंठाच्या तळहातावर ठेवला. मग ओठापाशी गेला. तिथलेही आले.

नीलकंठाचा चेहरा उतरला. म्हणाला, मीठ जाडं होतं, मुरलंच नाही. आता मात्र माझं डोकं फिरलं. दोन पोती मीठ मी स्वतः उखळात कुटून पिठासारखं केलं होतं, हातांना फोड आले. बिबट्याला मीठ पुरावं म्हणून तीन दिवस अख्खा मुक्काम माझं अळणी वरण गिळत होता. हे मी त्याला ऐकवलं. मग तो ऊन फार आहे म्हणाला, मग हवा दमट आहे म्हणाला.

डोमाजीनं सगळं ऐकून घेतलं.

“कान टोकापावतर उलटवला होता?”

कान मोज्यासारखा उलटा करावा लागतो, पार टोकापर्यंत. ओठही आतून चिरून पातळ करायचे. जिथं मांस राहतं तिथं मीठ जात नाही, आणि मीठ गेलं नाही की आतून कुजतं आणि केस सुटतात. भोक पडलं तर शिवता येतं, सुटलेले केस परत लागत नाहीत. एवढं तर मला आचाऱ्यालाही कळत होतं.

“दोन बोटं राहिला,” नीलकंठ म्हणाला.

“काहून?”

“तिथं कातडं कागदासारखं असतं, डोमाजी. फाटलं असतं.”

“मंग?”

“फाटलं असतं तर...”

 पुढचं मला माहीत होतं, कारण मी तिथं होतो. आठ वर्षांपूर्वी, त्याच्या पहिल्याच मुक्कामावर, चितळाचं तोंड सोलताना त्याची सुरी गालातून बाहेर निघाली. डोमाजीनं त्या भोकाला डोळा लावून त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, इथून तू लय लहान दिसतो रे बापू. मग ते कातडं त्यानं मुक्कामभर फिरवलं. सगळ्यांनी त्यातून बघून घेतलं. सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवशी नीलकंठ जेवला नाही. त्याची भाकर मी झाकून ठेवली होती, ती तशीच राहिली.

“आठ वर्षं मी एक भोक पाडलं नाही,” नीलकंठ हळू म्हणाला. “तुम्ही विचाराल म्हणून.”

डोमाजी बाजेच्या कडेवर बसला. 

“चितळ होतं,” तो म्हणाला. “डाव्या गालाले.”

त्याला आठवत होतं. मला वाटलं होतं, विसरला असेल.

बिबट्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. उरलं होतं अस्वल. ते पहाटे पडलं होतं आणि मोहाच्या झाडाखाली ठेवलं होतं. अंगाचं कातडं नीलकंठानं सकाळीच मोकळं केलं होतं, तोंड तेवढं बाकी होतं. ऊन चढत होतं. अस्वलाच्या अंगात चरबी फार, ते तापलं की कातडं कुजायला वेळ लागत नाही. माश्या यायला लागल्या होत्या.

नीलकंठ सुरी घेऊन बसला. अस्वलाचे ओठ लांब, लोंबते असतात. आतून मांस कोरून काढताना बोटाखाली कातडं कुठं संपतं ते कळतच नाही. त्यानं सुरी ओठाला लावली आणि हात थांबला. पुन्हा लावली, पुन्हा थांबला. घाम सुरीच्या पात्यावर पडत होता.

“नाही होत माझ्याच्यानं,” तो म्हणाला.

मघाचा माझा राग कुठल्या कुठं गेला. वाईट वाटलं मला त्याचं. चौतिशीचा बाप्या माणूस, पण त्या चितळापाशीच बसून राहिला होता बिचारा.

डोमाजी उठला. गुडघ्यांवर हात देत देत मोहाखाली गेला, खाली बसला आणि नीलकंठाच्या हातातली सुरी काढून घेतली. मला वाटलं, आता म्हातारा स्वतःच सोलणार, आणि ह्या कापऱ्या हातांनी कसं जमायचं. हाकेवाले जमले होते. सगळे बघत होते.

त्यानं अस्वलाचा गाल डाव्या हाताच्या बोटांवर ताणला. उजवा हात कापत होता, तो स्थिर होईपर्यंत थांबला. मग सुरीचं टोक आतून लावलं आणि सरळ आरपार घातलं. वर एकदा फिरवलंही. बोराएवढं भोक पडलं.

भाकरी थापता थापता माझे हात पिठात तसेच राहिले. चाळीस वर्षांत पहिलं, आणि तेही चारचौघांसमोर. हाकेवाल्यांतलं कुणी हसलं नाही.

“डोमाजी, हे काय केलंत...” नीलकंठ म्हणाला.

डोमाजीनं सुरी धोतराला पुसली आणि त्याच्या हातात परत दिली.

“हे भोक माहं हाय,” तो म्हणाला. “सोल आता.”