बोळापलीकडची रक्तपेढी

एका तालुक्याच्या गावात दूध संघाची कचेरी आणि एक रक्तपेढी अशा दोन इमारती शेजारीशेजारी होत्या. मध्ये फक्त एक बोळ. रक्तपेढीचं इंटरनेट सारखं बंद पडे. म्हणून संघात संगणकांचं काम पाहणाऱ्या हेमलता वाकचौरेने गच्चीवरून केबल टाकून दोन्हीकडचे संगणक जोडून दिले. रक्तपेढीच्या प्रमुख काझी मॅडम तेव्हा म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही. तुमच्या शब्दावर जोडतेय."

एका दुपारी संघातल्या एका संगणकावरच्या फायली उघडेनात. नावांच्या जागी भलतीच अक्षरं दिसू लागली. पाहता पाहता बाजूच्या संगणकाचंही तेच झालं. व्हायरस शिरला होता, आणि तो पसरत होता. तिने धावत जाऊन केबल उपसली. पण त्याआधीच तो पलीकडे पोचला असेल तर?

ती व्यवस्थापक डुंबरे साहेबांकडे गेली. साहेबांनी दार लावून घेतलं.

"केबल काढलीत ना? मग विषय संपला. कुणापाशी ब्र काढू नका. जोडणी तुम्ही केलीत, नाव तुमचंच येईल. आणि नोकरी कंत्राटी आहे तुमची."

हेमलता जागेवर येऊन बसली. काही गेलं नसेल पलीकडे, असं ती मनाला बजावत राहिली. खिडकीतून रक्तपेढीचा काउंटर दिसत होता. एक माणूस रक्ताच्या पिशवीसाठी ताटकळत उभा होता. संगणकावरच्या मुलीने एक बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग गोंधळून पडद्याजवळ तोंड नेलं.

हेमलता उठली. जिन्यात एकदा ती मागे वळलीसुद्धा. मग मात्र ती धावतच सुटली.

"मॅडम, आमच्याकडे व्हायरस आलाय! तुमचे सगळे संगणक आत्ताच्या आत्ता बंद करा!"

मॅडमनी आधी संगणक बंद करवले. पिशवीवरची चिठ्ठी वाचून, रक्तगट पुन्हा तपासून त्या माणसाला रक्त दिलं. मग त्या हेमलताकडे वळल्या.

"कधी कळलं तुम्हाला?"

"तास झाला."

"आणि आत्ता येताय?"

"भ्याले, मॅडम."

काउंटरवरचा संगणक कामातून गेला होता. बाकीचे वाचले. मॅडम तिला नको नको ते बोलल्या. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. संघात डुंबरे साहेबांनी फैलावर घेतलं ते वेगळंच.

सगळं साफ झाल्यावर संघाचे अध्यक्ष हेमलताला घेऊन रक्तपेढीत माफी मागायला गेले. "आता केबल नकोच म्हणाल तुम्ही," ते म्हणाले.

"जोडा की," काझी मॅडम म्हणाल्या. "फक्त पलीकडे याच बाई हव्यात. भ्याल्या, तरी सांगायला आल्या. दुसरं कुणी असेल, तर मात्र नको."

तात्पर्य: शेजाऱ्याशी नातं जोडलं की आपल्या घरची आग लपवायचा हक्क उरत नाही. भीती वाटली तरी हाक मारावी, आणि वेळेवर मारावी.