जिवंत की मेलेला

भिवरगडच्या राजेसाहेबांना एका मांत्रिकाने पुरते भारून टाकले होते. जिवंत असो वा मेलेले, हवे ते माणूस तासभर बोलायला समोर आणतो, असे तो सांगे. भर दरबारात राजेसाहेबांनी ऐटीत विचारले, "बोला, कुणाला कोण हवं? माझा शब्द आहे, माणूस येईलच!"

फुले घेऊन आलेली सगुणा पुढे झाली.

"माझे धनी. राणोजी पाथरवट."

"कधी वारला?" मांत्रिकाने डोळे मिटून विचारले.

"ते ठाऊक नाही. वेठीला नाही म्हणाले, म्हणून सहा वर्षांपूर्वी शिपायांनी त्यांना गडावर नेलं. जिवंत आहेत की नाहीत, कुणी सांगत नाही. मेले असतील तर बुवांनी आणावं. जिवंत असतील तर सरकारांनी."

राजेसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी किल्लेदाराकडे पाहिले.

"जिवंत आहे, सरकार," तो मान खाली घालून पुटपुटला.

सगुणा मटकन खाली बसली.

शब्द साऱ्यांनी ऐकला होता, तो फिरवता येईना. संध्याकाळच्या आत राणोजी गड उतरला. त्याला उजेड सोसवत नव्हता. सगुणाने त्याच्या डोळ्यांवर पदर धरला आणि हाताला धरून घरी नेले.