हौसाच्या नवऱ्याच्या भाकऱ्या

हौसा बुरुडणीला नवरा मिळाला चांगला, फक्त तो राहायचा नदीच्या पलीकडे आणि ती अलीकडे.

नदी उतरायला पाव घटका पुरे. अडवलं होतं ते परवाना-कचेरीने. मानाजीराजांच्या राज्यात परमुलखातला माणूस राहायला यायचा तर परवाना लागे, मग तो कुणाचा नवरा का असेना! लग्नानंतर हौसा चार महिने सासरी राहिली. तेवढ्यात इकडे तिच्या बापाला अर्धांगवायू झाला. त्याला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती परत आली. तिचा नवरा गेनू म्हणाला, मीही तिकडेच येतो, टोपल्या काय कुठेही विणता येतात. अर्ज केला. त्याला आता सव्वा वर्ष होऊन गेलं होतं.

लोक म्हणाले, दिवाणसाहेबांना भेट, मोठ्या माणसाचा शब्द पडला की कामं होतात. दिवाण भाऊसाहेब माणूस गोड. त्यांनी तिला गूळपाणी दिलं, बापाची विचारपूस केली आणि शिफारसपत्र लिहून दिलं. तीन महिने काही हललं नाही म्हणून दुसरं दिलं, मग तिसरं. शेवटी कचेरीत कळलं की प्रत्येक शिफारसपत्राची खातरजमा करावी लागते आणि एका खातरजमेला तीन महिने जातात. दिवाणसाहेबांनी मदत केली नसती तर बिचारीचं काम केव्हाच मार्गी लागलं असतं.

अखेर जाबजबाब झाले. कचेरीचे कारकून त्रिंबकपंत आधी पलीकडच्या घाटावर जाऊन गेनूला प्रश्न विचारून आले, मग तेच प्रश्न त्यांनी हौसाला विचारले. नवरा एका वेळी किती भाकऱ्या खातो? गेनूने सांगितलं होतं दोन, हौसा म्हणाली पाच. सकाळी आधी कोण उठतं? दोघांनीही सांगितलं, मी. भांडण झाल्यावर अबोला आधी कोण सोडतं? पुन्हा दोघांचं उत्तर, मीच. त्रिंबकपंतांनी शेरा मारला : ‘उत्तरे जुळत नाहीत. लग्न खोटे.’

या शेऱ्यावर राजांची मोहोर उमटली की सात वर्षं पुन्हा अर्ज करता येत नसे. म्हणजे बाप नाही तर नवरा, दोघांतला एकच. हौसा घरी येऊन पोटभर रडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तडक दरबारात जाऊन उभी राहिली. तिला पाहताच दिवाणसाहेबांनी चौथ्या पत्रासाठी दौत ओढली. तिने लांबूनच हात जोडून त्यांना थांबवलं.

मानाजीराजे दुष्ट नव्हते, हट्टी होते. कुणी नियमाला बोट लावलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. सगळी हकिकत ऐकून त्यांनी विचारलं, नवरा दोन म्हणतो, तू पाच म्हणतेस, मग हे लग्न खरं कसं मानायचं?

“महाराज, सायबापुढं लाज वाटली म्हणून त्यो दोन बोलला. थापते मी, मला आकडा ठावं हाय,” हौसा म्हणाली. “आन् जुळवलेली उत्तरं घाटावर इकत मिळत्यात. नवराबायकू नसलेली माणसं ती घोकून येत्यात, त्यांचं सगळं जुळतंय. आमी नवराबायकू, म्हून घोकलं न्हाई.”

राजांनी मिशीवर हात फिरवला. “बोलतेस चांगलं, पण बोलण्याने नियम हलत नाही. लग्न खरं आहे हे इथेच, आत्ता सिद्ध कर. साक्षीदार आणायचा नाही, कागद दाखवायचा नाही, नवऱ्याने नदी ओलांडायची नाही. जमलं तर परवाना, नाही तर सात वर्षं!”

दरबारी एकमेकांकडे बघून हसू लागले. हौसाने थोडा विचार केला आणि म्हणाली, एक प्रश्न महाराजांना विचारायची परवानगी असावी, आणि तोच प्रश्न दासीबरोबर राणीसाहेबांकडे धाडावा. राजांना गंमत वाटली. त्यांनी मान हलवली.

“सणाच्या दिवशी महाराज पुरणपोळ्या किती खात्यात?”

“दोन,” राजे म्हणाले. “वैद्यबुवांनी दोनच सांगितल्या आहेत.” शेजारी बसलेल्या वैद्यबुवांनी समाधानाने मान डोलावली.

दासी गेली आणि आली. आली ती खांबाआडच उभी राहिली. राजांनी दोनदा विचारल्यावर ती खाली बघत म्हणाली, “राणीसाहेब म्हणाल्या, पाच. आणि सहावी उभ्याउभ्या, दुधात बुडवून. ती महाराज मोजत नाहीत.”

वैद्यबुवा हळूहळू राजांकडे वळले.

हौसाने त्रिंबकपंतांना अदबीने विचारलं, अशा वेळी नियम काय सांगतो? नियम विचारला की पंतांच्या तोंडून आपोआप बाहेर पडत असे, आणि तसंच झालं. “उत्तरे जुळत नाहीत. लग्न...” एवढं म्हणून त्यांनी जीभ चावली.

“मंग महाराज,” हौसा म्हणाली, “राणीसाहेबांचं म्हायेरबी नदीपल्याडचंच. नियमापरमानं त्यास्नी आजच घाटावर पोचवावं लागंल. न्हाई तर माझ्या मालकाला तरी अलीकडं आणावं लागंल. नियम एकच हाय, नाव कुणासाठी पाठवायची ते महाराजांनी ठरवावं.”

क्षणभर राजांचा चेहरा लाल झाला. मग त्यांचं पोट हललं, मग खांदे, आणि मग ते असे हसले की मुकुट धरून ठेवायला सेवकाला पुढे यावं लागलं. सारा दरबार मोकळेपणाने हसला.

डोळे पुसत राजांनी आज्ञा दिली, “पंत, परवाना लिहा. राजवाड्याची नाव घाटावर पाठवा आणि गेनूला सन्मानाने घेऊन या. बुरुडाच्या घराशेजारी दोघांना बांबूच्या बनासकट जमीन द्या. आणि आजपासून ज्यांची उत्तरं तंतोतंत जुळतील, त्यांचीच आधी चौकशी करा!”

मग जरा वाकून ते हळूच म्हणाले, “आणि वैद्यबुवा, दासी काय म्हणाली ते तुम्ही ऐकलेलं नाही.”