आजोबांची कोठडी

हिरडगावचा जुना तुरुंग दुरुस्त करून तिथे वाचनालय करावं, म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका कुमुदिनी पेंडसे नगरपालिकेकडे निधी मागत होत्या.

भर सभेत नगराध्यक्ष गुलाबराव रणनवरे हसले. "बाई, चोरांच्या घरावर जनतेचा पैसा घालू? पाडून दुकानं बांधतो."

"बांधा की," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण दर निवडणुकीत तुम्ही सांगता, आजोबांनी देशासाठी याच तुरुंगात दोन वर्षं काढली. पुढच्या वेळी काय सांगणार? चपलांच्या दुकानात काढली?"

सभागृह खदखदून हसलं. गुलाबरावांनी घाम पुसला आणि निधी मंजूर केला.

उद्घाटनाच्या दिवशी बाईंनी विचारलं, "आजोबांची कोठडी कोणती हो?"

गुलाबरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि फोटोला उजेड चांगला येईल अशी एक दाखवली.