तीन नारळ, दोन कोहळे

"तीन नारळ आणि दोन कोहळे मिळून अकरा शेर. सहा नारळ आणि चार कोहळे मिळून बावीस शेर. तर एक नारळ किती शेरांचा आणि एक कोहळा किती शेरांचा? परवा भर दरबारात उत्तर हवं!"

राजा रणधवलाने पाठशाळेत येऊन गणित घातलं आणि मिशीवरून हात फिरवला. गणित त्याने स्वतः रचलं होतं. महाराजांना आपल्या बुद्धीचं भारी कौतुक, आणि ते करायचं काम दुसऱ्यांवर सोडायला ते कधीच तयार नसत.

"आणि नाही आलं तर?" त्र्यंबकशास्त्र्यांनी चाचरत विचारलं.

"तर पाठशाळा बंद! पोरं घरी, आणि या इमारतीत माझी बदकं. ती निदान पाटी पुढे करून रडत तरी नाहीत!"

महाराज गेले. नऊ मुलांनी नऊ पाट्या ओढल्या. शास्त्रीबुवांनी घोकून घेतलं होतं तसं केलं: पहिल्या ओळीची दुप्पट केली आणि दुसरीतून वजा केली. नारळ गेले, कोहळे गेले, शेरसुद्धा गेले. नऊच्या नऊ पाट्यांवर शून्य बरोबर शून्य!

"वा!" शास्त्रीबुवा कडाडले. "डोक्यात जे आहे तेच पाटीवर उतरलं! पुन्हा करा!"

पुन्हा केलं, पुन्हा शून्य. शास्त्रीबुवांनी घरी दार लावून स्वतः करून पाहिलं. तिथेही शून्यच. आता हे कबूल करायचं म्हणजे चाळीस वर्षांची विद्वत्ता चव्हाट्यावर! त्यांनी गुपचूप पाटी पुसली आणि सकाळी मुलांना दुप्पट जोराने झापलं. एवढं मात्र त्यांना छान जमायचं.

राजवाड्याच्या कोठीवर सगुणा धान्य तोलायची. नऊ मुलांतली मुक्ता तिची लेक. मुलीला पाठशाळेत घेतलं जावं म्हणून तिने वर्षभर कारभाऱ्यांचे उंबरे झिजवले होते. आता ही पोर बदकांपायी घरी बसणार, हे ऐकून तिचं डोकंच फिरलं.

"आई, काही केलं तरी सगळं उडून जातं गं," मुक्ता मुसमुसत म्हणाली.

"रडू नंतर. आधी गणित सांग."

गणित ऐकलं आणि सगुणा हसतच सुटली. तिने खडे मिसळलेला गहू पारड्यात घातला. "हा एक शेर. यात गहू किती, खडे किती?"

"तोलून कसं कळेल?"

"बरं, मग तसलाच आणखी एक शेर घालते. झाले दोन शेर. आता कळलं?"

"छे! तेच तर पुन्हा तोललंस!" मुक्ता म्हणाली आणि एकदम थांबली. तिचे डोळे चमकले. "आई! महाराजांनीही तेच केलंय!"

"केलंय ना? शून्य येऊन गणित बिचारं ओरडून सांगत होतं, पण तुमच्या शास्त्रीबुवांच्या कानापर्यंत पोचेल तर शपथ! जा, बाकीच्यांना बोलावून आण."

ठरल्या दिवशी नऊ मुलांबरोबर सगुणाही दरबारात उभी राहिली.

"कोठीवरची बाई इथे?" शास्त्रीबुवांनी नाक मुरडलं.

"वजनाचं काम आहे ना? मग पोथीवाल्यांपेक्षा माझीच गरज जास्त."

मुलं एकेक करून सांगू लागली. "नारळ अर्धा शेर, कोहळा पावणेपाच!" "नारळ दोन, कोहळा अडीच!" "नारळ दीड, कोहळा सव्वातीन!" शेवटी मुक्ता ठणकावून म्हणाली, "नारळ तीन शेर, कोहळा एक!"

दरबार खो खो हसला. महाराजांनी कपाळाला हात लावला. "नऊ मूर्ख, नऊ उत्तरं! अगं, तीन शेरांचा नारळ कुठल्या झाडाला लागतो?"

"तुमच्या गणिताच्या झाडाला, महाराज!" सगुणा म्हणाली. "पडताळून बघा."

महाराजांनी बोटांवर मोजलं. तीन नारळांचे नऊ, दोन कोहळ्यांचे दोन, झाले अकरा. सहांचे अठरा, चारांचे चार, झाले बावीस! त्यांनी घाईघाईने बाकीची आठ उत्तरं ताडून पाहिली. एकही चुकेना. त्यांनी चिडून, उत्तराचा कागद आधीच आत ठेवलेली आपली मोहोरबंद डबी फोडली.

"खरं उत्तर हे! नारळ एक शेर, कोहळा चार!"

"तेही बरोबर. म्हणजे झाली दहा."

"पण मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या!"

"महाराज, न्यायाला बसता तेव्हा तुम्ही दोन साक्षीदार मागता. एकच माणूस तेच बोलणं दुप्पट मोठ्याने ओरडला, तर त्याला दुसरा साक्षीदार मानता का?"

महाराजांचा चेहरा लाल झाला. सगुणाने मुक्ताचा हात घट्ट धरला.

"मग तूच आण दुसरा साक्षीदार!" महाराज गरजले.

"एक नारळ आणि एक कोहळा मिळून पाच शेर. आता विचारा पोरांना."

पाटीसुद्धा लागली नाही. "अशा दोन जोड्या म्हणजे दहा शेर!" मुक्ता म्हणाली. "त्या अकरा शेरांतून काढल्या, की उरतो एकच नारळ, एका शेराचा! मग कोहळा चार शेरांचा!"

महाराजांनी डबीतल्या कागदाकडे पाहिलं, मग सगुणाकडे, आणि पोट धरून हसायला लागले. "दुप्पट मोठ्याने ओरडलो! मी! आणि एवढ्या दरबारात एकाने सांगू नये?" हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी तिच्या ओंजळीत टाकलं. "पाठशाळा चालू राहील आणि आजपासून गणित तू शिकवशील. आता या शास्त्रीबुवांचं काय करू?"

"त्यांना पहिल्या ओळीत बसवा, महाराज," सगुणा म्हणाली. "मागे बसले तर ऐकू आलं नाही म्हणतील!"