मापावरची शीग

फार पूर्वी, धान्य जमिनीखालच्या पेवात साठवत, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात सगळ्यांचं मिळून एक मोठं पेव होतं. सुगी झाली की प्रत्येक घर त्यात मापानं ज्वारी ओती. ज्या म्हाताऱ्यांच्या हातून विळा चालेना, त्यांना त्यातून वर्षभर ज्वारी मिळे.

गावच्या मुखियाला कुणी नाराज झालेलं बघवत नसे. म्हणून त्यानं नवी रीत पाडली. घरांनी ओतताना मापावर फळी फिरवून ते सपाट करायचं. म्हाताऱ्यांना देताना मात्र वर निमुळती रास होईपर्यंत, शीग लावून द्यायचं. देणारे खूश, घेणारेही खूश.

त्या गावात एक एकटी म्हातारी होती. पेवातली ज्वारी हाच तिचा मुलगा आणि हीच तिची सून. पण पोटापेक्षा तिला प्रश्नांची भूक जास्त. एकदा पदरात ज्वारी घेताना तिनं विचारलं, "मुखिया, पेवात जाताना सपाट, येताना शीग. मग ही वरची शीग येते कुठून?"

"आजी, खाताना घास मोजू नयेत."

"मोजते कुठं? कुठून येते ते विचारते."

"पलीकडच्या गावातून."

"का रे, ते आपले व्याही लागतात?"

लोक हसले. मुखियाही हसला. "लागतात की! सुनेला आणि नातीला माहेरी सोडायला उद्या तिकडंच निघालोय. बस गाडीत, बघ डोळ्यांनी."

पलीकडच्या गावच्या चावडीत आढ्याला एक दोर टांगला होता, गाठींनी भरलेला. धान्य उसनं नेलं की एक गाठ मारायची. चार मापांची पाच मापं करून फेडलं की ती सुटायची. म्हातारी एकेका गाठीवरून बोट फिरवू लागली.

"ही कुणाची गं?"

"तुमच्या आधीच्या मुखियाची, दुष्काळातली. वारले ते," तिथलं धान्य सांभाळणारी कोठारीण म्हणाली.

"आणि ही?"

"ह्या आताच्या मुखियांची. आधीच्या गाठीचं वाढीव धान्य द्यायला मारली."

"गाठ सोडवायला गाठ?" म्हातारीला मोठी गंमत वाटली.

कोठारीण मुखियाकडं वळली. "गाठ मारणारे जातात, गाठ राहते. म्हणून यंदापासून जो फेडणार, त्यानंच गाठ मारायची. कोण फेडणार?"

"पुढची पिढी," मुखिया झटकन म्हणाला.

"मग आणा तिला."

मुखियानं सुनेच्या कडेवरची तान्ही नात उचलून दोरापाशी धरली. पोरीनं दोर थेट तोंडात घातला. सगळे हसले. मुखियानं तिची मूठ आपल्या मुठीत धरून गाठ आवळली, तर तिचा अंगठाच आत अडकला. पोरीनं टाहो फोडला. म्हातारीनं पुढं होऊन गाठ सैल केली आणि पोरीला खांद्यावर घेतलं. अंगठा लालबुंद झाला होता, त्यावर दोराचा पीळ उमटला होता.

मुखिया म्हातारीच्या कानाशी वाकला. "आजी, हे गावात बोलू नकोस. तुझ्या मरणापर्यंत तुझी शीग चुकणार नाही."

म्हातारी थबकली. शीग गेली तर आपली रात्रीची भाकरी जाईल, हे तिला कळत होतं. तिच्या खांद्यावर पोर अजून हुंदके देत होती.

"आणि हिच्या म्हातारपणी, रे?"

मुखियानं सैल झालेली गाठ पुरती सोडवली. धान्य न घेता गाडी रिकामीच परतली.

पेवापाशी गाव जमलं. म्हातारीनं पाहिलं ते सांगितलं, आणि एकच गलका झाला.

"पूर्वीपेक्षा जास्त का ओतायचं आम्ही?" तरणे ओरडले.

"मग आम्ही काय वारा खायचा?" म्हातारे ओरडले.

म्हातारीनं आपलं भरलेलं माप पुढं ठेवलं आणि वरची शीग स्वतःच्या तळव्यानं पेवात लोटली. "मला सपाट चालेल. पण सपाट तरी कायम मिळू दे. आता शीग ओतणाऱ्यांनी लावा."

मग मुखियानं आपल्या घरचं माप आणलं, शीग लावून ओतलं. त्याच्यामागून एकेक घर आलं. कुणी राजीखुशीनं, कुणी पुटपुटत. दर सुगीला त्या शिगेतून पलीकडच्या गावची एकेक गाठ सुटत गेली.

म्हातारी पुढं कधी कधी अर्ध्या भाकरीवर निजली, पण तिचं माप शेवटपर्यंत चुकलं नाही.

मुखियाची नात मोठी होऊन आजोळी गेली, तेव्हा चावडीतल्या दोराला एकही गाठ नव्हती. दोर तेवढा जागोजागी वाकडा होता.

"ह्याला हे पीळ कसले?" तिनं विचारलं.

कोठारीण आता थकली होती. ती हसली. "तुझ्या अंगठ्याला विचार."

तात्पर्य: उद्या द्यायची शीग आज कुणाला तरी ओतावी लागते; कुणीच ओतली नाही, तर ती पाळण्यातल्या पोराच्या मापातून निघते.