पडद्यावरचं नाव

बाळबुवांच्या स्मृतीचा संगीत महोत्सव यंदा एका बड्या कंपनीने विकत घेतला. तिचा पैसा तोफगोळ्यांच्या कारखान्यात गुंतलाय, हे बुवांच्या शिष्या केळुसकरबाईंना कळलं ते ऐन मंचावर, तंबोरा जुळवताना. तबलजीने कानात सांगितलं आणि बाईंनी तंबोरा खाली ठेवला.

"तोफगोळेवाल्यांसाठी मी गाणार नाही."

कंपनीचे मालक सुखटणकरसाहेब धावत मंचावर चढले. "बाई, आज उठलात तर गुरूंच्या या मंचावर पुन्हा बसणं नाही! आमच्या गुंतवणुकीचा तुमच्या गाण्याशी संबंध काय?"

"काहीच नाही?"

"काडीचाही नाही!"

बाईंनी मागच्या पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे बुवांचा फोटो टपाल तिकिटाएवढा, कंपनीचं नाव हत्तीएवढं. "मग तेवढं नाव उतरवा. लगेच गाते."

साहेब हबकले. "अहो, त्या नावासाठीच तर महोत्सव घेतला! लोक गाणं तुमचं ऐकणार आणि चांगलं आम्हाला म्हणणार..."

बोलून गेल्यावर साहेबांनी जीभ चावली.

"संबंध तुम्हीच सांगितलात," बाई म्हणाल्या आणि तंबोऱ्यावर गवसणी चढवून निघाल्या. मागोमाग मंडप रिकामा झाला. पहिल्या रांगेतले कंपनीचे संचालक तेवढे बसून राहिले. त्यांना वाटलं, मध्यंतर झालं.